पंचेचाळीस मीटरची भिंत: दशावतार आणि उत्क्रांतीचा देखावा कसा उभारायचा

मत्स्य म्हणजे पहिले मासे, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे सस्तन प्राणी, नरसिंह म्हणजे अर्धा पशू अर्धा माणूस, वामन म्हणजे बुटका आदिमानव, परशुराम म्हणजे कुऱ्हाडवाला रानमाणूस. गणेशोत्सवात कोल्हापुरातल्या कुठल्याही रांगेत विचारा, ही जोडी निम्म्या लोकांना पाठ असते. म्हणून या विषयावर देखावा ठरला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दहा मूर्तींची रांग येते आणि वर फ्लेक्स, ‘आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होतं’. हा देखावा चार दिवसांत उभा राहतो. आणि नववीतली एखादी पोरगी ‘काका, कासव उभयचर नसतंय’ म्हणाली की तिथंच बसतो.

इथली कृती वेगळी आहे. भिंतीवर दोन दोऱ्या बांधायच्या, वरची जीवाश्मांच्या काळाची आणि खालची पुराणांच्या काळाची. माप दोन्हींना एकच. कुठं जुळतं आणि कुठं तुटतं हे माणसानं चालता चालता स्वतः बघायचं. पुराण खरं की विज्ञान खरं हा निकाल मंडळानं द्यायचा नाही. माप मात्र चुकवायचं नाही.

माप आणि भिंत

प्रमाण घ्या: १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं. म्हणजे १ सेंटिमीटर १० लाख आणि १ मिलिमीटर १ लाख वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी, म्हणून ४५.४ मीटर भिंत लागते. दोन्ही टोकांची जागा धरून ४८ मीटर मोकळी बघा. पेठेतल्या सरळ गल्लीत चार-पाच घरांच्या दर्शनी भिंती मिळून एवढी लांबी निघते. कमी पडली तर काटकोनात वळवा. प्रमाण निम्मं करायचा विचार शेवटचा, कारण मग माणसाचा सगळा काळ दीड मिलिमीटरवर येतो आणि दाखवण्यासारखं काही उरत नाही.

शून्य, म्हणजे ‘आज’, गणपतीच्या मंडपाच्या बाजूला ठेवा आणि सगळी मापं तिथून मागं मोजा. लोक लांबच्या टोकाकडून आत येतील आणि चालत चालत आजपर्यंत पोचतील. उलट केलं तर गोष्ट शेवटाकडून सुरू होते.

फिता स्टीलचा, ३० मीटरचा घ्या. दर मीटरला खडूची खूण करून मग दोरी बांधा. दोरीवर गाठी मारून मोजायचं काम करू नका. सुती दोरी पावसात आखडते, नायलॉनची ताणली की लांबते. ४५ मीटरवर अर्ध्या मीटरचा फरक सहज पडतो आणि अर्धा मीटर म्हणजे पाच कोटी वर्षं. दोरी दिसायला हवी, मोजायला नको. वरची निळी, खालची भगवी, दोन्हींत ३० सेंटिमीटर अंतर, वरची जमिनीपासून १.४ मीटरवर. मध्ये दार आलं तर माप थांबवायचं नाही. दोरी चौकटीच्या वरून न्या आणि आडवं अंतरच मोजा, वर-खाली गेलेली लांबी धरू नका.

वरची दोरी

या खुणा आजपासून मागं मोजायच्या आहेत. ४५.४० मीटरवर पृथ्वी. ३५ च्या आसपास सूक्ष्मजीवांचे सर्वमान्य जुने पुरावे. २४ मीटरवर हवेत प्राणवायू साठायला लागतो. १६–१७ मीटरवर केंद्रक असलेल्या पेशी. ५.३९ मीटरवर कँब्रियन काळ (प्राण्यांचे बरेच गट जिथून दिसायला लागतात तो) सुरू, ५.१८ वर चीनमधल्या खाणीतला आद्य मासा, ३.७५ वर टिकटालिक नावाचा मासा, ३.१५ च्या आसपास जमिनीवर तग धरणारं अंडं घालणारे प्राणी, २.२० वर जुनं कासव, २.०५ वर आद्य सस्तन प्राणी. ६६ सेंटिमीटरवर डायनासोर संपतात.

म्हणजे पहिले चाळीस मीटर भिंत जवळपास रिकामी. देखाव्याचा जीव या रिकाम्या भिंतीत आहे आणि तोच सगळ्यात आधी धोक्यात येतो, कारण वर्गणीदारांचे शुभेच्छा फलक लावायला याहून चांगली जागा गल्लीत दुसरी नसते. फलक समोरच्या भिंतीला लावा. हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या, आदल्या रात्री नाही.

६६ सेंटिमीटरच्या खुणेखाली स्टुलावर काळ्या दगडाचा एक तुकडा ठेवा, क्रशरवरची मूठभर खडीही चालेल. जोतिबाचा डोंगर, पन्हाळ्याचं पोट, जुन्या वाड्यांची जोती हा सगळा त्या सुमाराला वाहिलेला लाव्हा. लोक हात लावून बघतात आणि एवढ्या एका दगडानं ‘कोटी’ हा शब्द गल्लीत उतरतो. दगड किल्ल्यावरून मात्र उचलू नका; ते संरक्षित स्मारक आहे आणि माथ्यावरचा तांबडा जांभा तसाही वेगळा दगड. ‘आपल्या दगडात मासे सापडतात का?’ असं पोरं विचारतातच. लाव्हाच्या थरात सापडत नाहीत. त्यासाठी पाण्यात गाळ बसून झालेला खडक लागतो.

खालची दोरी: इथं सगळे अडखळतात

पुराणांचं गणित नेमकं आहे, म्हणून भिंतीवर उतरवता येतं. कलियुग ४,३२,००० वर्षं, द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. चारही मिळून महायुग ४३,२०,००० वर्षांचं, आपल्या मापात ४.३२ सेंटिमीटर. अशी हजार महायुगं म्हणजे कल्प, ब्रह्मदेवाचा एक दिवस: ४३२ कोटी, ४३.२० मीटर.

इथं कार्यकर्ते खूश होतात. ४५.४० आणि ४३.२० शेजारी शेजारी! जुळलं! थांबा. ४३२ कोटी हा कल्पाचा पूर्ण कालावधी आहे, उलटून गेलेला काळ नाही. संकल्पात आपण म्हणतो त्याप्रमाणे सध्या श्वेतवाराह कल्प, सातवं वैवस्वत मन्वंतर आणि त्यातलं अठ्ठाविसावं कलियुग चालू आहे. सहा मन्वंतरं (प्रत्येकी ७१ महायुगं), सात संधी (मन्वंतरांच्या सीमेवरचा, प्रत्येकी कृतयुगाएवढा काळ), सत्तावीस महायुगं आणि चालू महायुगाचा सरलेला भाग अशी बेरीज केली की सुमारे १९७.३ कोटी वर्षं होतात. म्हणून कल्पारंभाची खूण १९.७३ मीटरवर येते, पृथ्वीच्या खुणेपासून पंचवीस मीटर अलीकडे. पाटीवर दोन्ही आकडे लिहा आणि प्रत्येक कसा आला तेही लिहा. ४५४ कोटींच्या जवळचा आकडा क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून काढला. ४३२ कोटींचा आकडा १२,००० दिव्य वर्षं, गुणिले ३६० (एक दिव्य वर्ष म्हणजे माणसाची ३६०), गुणिले १,००० असा येतो. एक मोजलेला, दुसरा रचलेला. युगांचं ४:३:२:१ हे प्रमाण धर्माच्या उतरणीचं आहे, खडकाच्या थरांचं नाही.

आता अवतार मांडा. क्रम पाठ असतो, पण कोणता अवतार केव्हा झाला हे भागवतात बघून लावायचं ठरवलं तर भलतंच चित्र दिसतं. वराह कल्पाच्या आरंभी, म्हणजे १९.७३ मीटरवर. समुद्रमंथन चाक्षुष या सहाव्या मन्वंतरातलं, म्हणून कूर्म ४.२९ ते १.२२ मीटरच्या पट्ट्यात. मत्स्य चाक्षुष मन्वंतर संपतानाच्या प्रलयात, म्हणजे १.२ मीटरच्या आसपास. थोडक्यात वराह आधी, मग कासव, मग मासा. त्याच भागवताच्या पहिल्या स्कंधातल्या बावीस अवतारांच्या यादीतही वराह दुसरा, मत्स्य दहावा, कूर्म अकरावा. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम काही चुकीचा नव्हे. बाराव्या शतकात जयदेवानं गायला, आरत्यांमधून आपल्याकडे रुळला. पण तो एकमेव नाही, आणि त्याला काळाची तारीख चिकटलेली नाही.

या तीन खुणा हा देखाव्यातला सगळ्यात बोलका भाग. भगव्या दोरीला तीन पितळी घंटा किंवा लाल कंदील टांगा. पहिला कंदील वराहाचा दिसला की लोक आपणहून थबकतात.

भिंगाची पाटी

शेवटच्या चार सेंटिमीटरमधलं काही उघड्या डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून शून्याजवळ साडेचार मीटर लांबीची वेगळी पाटी लावा, प्रमाण शंभर पट: १ मीटर म्हणजे १० लाख वर्षं. मुख्य भिंतीवरच्या त्या चार सेंटिमीटरना लाल चौकट करा आणि चौकटीच्या कोपऱ्यांपासून पाटीच्या कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणा, म्हणजे हे त्याचंच मोठं रूप आहे हे सांगावं लागत नाही.

पाटीवर वरच्या बाजूला: ३.२० मीटरवर इथिओपियातली ‘लूसी’ (माणसाच्या वंशातला जुना सांगाडा), दीड मीटरवर तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी, ३० सेंटिमीटरवर आपली जात, होमो सेपियन्स, १.२ सेंटिमीटरवर शेती. खालच्या बाजूला: चालू महायुगातलं कृतयुग ३.८९ मीटरवर सुरू, त्रेता २.१७ वर, द्वापर ८७ सेंटिमीटरवर, कलियुग अर्ध्या सेंटिमीटरवर.

हे लावल्यावर वाद होणार. त्रेतायुगाचा शेवट ८७ सेंटिमीटरवर आहे आणि आपल्यासारखी माणसं ३० वर, मग राम कोण होता? इथं उभा राहणारा कार्यकर्ता शांत डोक्याचा निवडा. त्यानं एवढंच म्हणावं: ‘युगाचा आकडा शब्दशः वर्ष धरला तर असं होतं, म्हणूनच दोन दोऱ्या वेगळ्या ठेवल्यात.’ पुढं वाढवायचं नाही. रांग अडते.

अवतारांच्या पाट्या

प्रत्येक पाटीवर चाळीसच्या वर शब्द नकोत. तीन मीटरवरून वाचायचं तर अक्षराची उंची मात्रा-वेलांट्या सोडून किमान दीड सेंटिमीटर. पिवळ्यावर लाल दिसायला झकास असतं, पण रात्री वाचता येत नाही. पांढऱ्यावर काळं ठेवा. सगळ्या पाट्या सारख्या लांबीच्या करू नका. सांगण्यासारखं जिथं आहे तिथंच सांगा.

मत्स्य: शतपथ ब्राह्मणातला मासा मनूच्या ओंजळीत येतो, मोठा होतो आणि प्रलयात नाव ओढतो. म्हणजे मासा येण्याआधी माणूस, नाव आणि दोर हजर आहेत. ही गोष्ट पहिल्या प्राण्याची नव्हे, वाचवणाऱ्याची आहे. आणि जीवाश्मांतला आद्य मासा केवढा? सुमारे अडीच सेंटिमीटर, करंगळीच्या पेराएवढा. तो खऱ्या आकारात मातीचा करून काचेखाली ठेवा, शेजारी शिंगवाला भव्य मत्स्य. हा आकारातला फरक पाटीपेक्षा जास्त बोलतो.

टिकटालिकला अवतार नाही, पण जागा द्या. आर्क्टिक कॅनडात सापडलेला, खवले आणि कल्ले असलेला आणि पोहायच्या परांमध्ये मनगटासारखी हाडं असलेला मासा. त्याच्याशेजारी कोकणच्या खाडीतल्या निवटीचा फोटो लावा. चिखलात उड्या मारणारी निवटी कोल्हापुरातल्या बहुतेकांनी मालवणच्या वाटेवर बघितलेली किंवा खाल्लेली असते. फोटोखाली ‘हा आपला पूर्वज’ असं लिहू नका. निवटी दुसऱ्याच शाखेतली, आजची मासळी आहे. जमिनीवर यायचा तोच खटाटोप तिनं स्वतंत्रपणे केला.

कूर्म: कासव उभयचर नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांत मोडतं. फुप्फुसानं श्वास घेतं आणि अंडी घालायला कोरड्या जमिनीवर येतं. उभयचर म्हणजे बेडूक, आणि दशावतारात बेडूक नाही. मासा ते कासव ही उडी मधली पायरी गाळून मारलेली आहे, हे सरळ लिहा. मॉडेल ओडोंटोकेलिस या २.२० मीटरवरच्या जुन्या कासवाचं करा: लांबी ४० सेंटिमीटर, तोंडात दात, पोटाला पूर्ण कवच आणि पाठ जवळपास उघडी. मंदराचल पाठीवर पेलणाऱ्या कूर्माशेजारी पाठीला कवचच नसलेलं कासव, याहून चांगली जोडी तुम्हाला मिळणार नाही.

वराह: पुराणात तो पाण्यात उतरून पृथ्वी वर आणतो. इथं पूरक पाटी जम्मूच्या कालाकोट भागातल्या इंडोह्यसची, ४८ सेंटिमीटरवर. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खुरांचा प्राणी. तो देवमाशांच्या अगदी जवळच्या नात्यातला. ज्या वंशातून देवमासा झाला तो जमिनीवरून परत पाण्यात गेला. ‘पाणी, मग जमीन, मग माणूस’ असा सरळ जिना डोक्यात बसलेल्याला हे एक उदाहरण पुरतं.

नरसिंह: अर्धा सिंह अर्धा माणूस म्हणजे ‘मधला दुवा’, ही समजूत सगळ्यात चिवट. मधला दुवा दोन अर्धुकं जोडलेला नसतो. टिकटालिक आपल्या जागी पूर्ण, धडधाकट प्राणी होता, कुणाची तरी अर्धवट आवृत्ती नव्हता. नरसिंहाचं रूप हिरण्यकशिपूच्या वरातून निघतं: ना माणूस ना पशू, ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर. ते कोडं आहे, त्याचं सौंदर्य उत्तरात आहे; तिथं जीवशास्त्र घुसडलं की कोडंही बिघडतं. एक खबरदारी: या पाटीवर नृसिंहवाडीचा फोटो लागल्याचं हमखास दिसतं. वाडी दत्ताची, श्रीनृसिंहसरस्वतींच्या नावाची. नरसिंह अवताराचं देऊळ दाखवायचं तर वाळव्यातल्या कोळे नरसिंहपूरचं दाखवा.

वामन: फ्लोरेस बेटावर २००३ साली सापडलेली छोटी माणसं जेमतेम १०६ सेंटिमीटर उंच. त्या उंचीचा पुठ्ठ्याचा कटआउट उभा करा, पोरं शेजारी उभी राहून मापतील. पण ती माणसं आपली पूर्वज नव्हेत, मुख्य भिंतीवर त्यांची खूण मिलिमीटरभर अंतरावर पडते. आणि वामनासमोर बळी आहे, राज्य आणि यज्ञासकट. वामन कुणाच्या आधीचा नाही.

परशुराम: अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडींना दांडा नाही. त्या मुठीत धरायच्या आणि करणारा आपल्या जातीचा नव्हता. परशू धातूचा. दोन्ही शेजारी ठेवून मधलं अंतर दाखवा: चौदा लाखांहून जास्त वर्षं, भिंगाच्या पाटीवर जवळजवळ दीड मीटर.

राम, बलराम, कृष्ण इथं उत्क्रांतीशी तुलना थांबवा. राज्य, नांगर, नीती हा संस्कृतीचा इतिहास, शरीराचा नाही. ‘आधी राजा राम, मग नांगरधारी बलराम’ असा शेतीचा क्रम लावायचा मोह झाला तर जनकाचा नांगर आठवा. सीता या शब्दाचा अर्थच नांगराची तास.

नववी पाटी जपून. कुठं बलराम, कुठं बुद्ध, महाराष्ट्रात कित्येक जुन्या चित्रांत विठ्ठल. बुद्धाला विष्णूचा अवतार मानणं बौद्ध समाजाला मान्य नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी नेमकी हीच आहे. ज्या जिल्ह्यात त्यांच्याच अध्यक्षतेखाली १९२० ची माणगाव परिषद झाली तिथं हे विसरून चालत नाही. तिन्ही परंपरा एका वाक्यात नोंदवा, मूर्ती विठ्ठलाची ठेवा.

कल्कीची पाटी कोरी सोडा. उत्क्रांती पुढचं भाकीत करत नाही.

आणि एक पाटी या तुलनेच्याच जन्माची. डार्विनचा सिद्धांत पुस्तकरूपानं आला तो १८५९ च्या नोव्हेंबरात. दशावतार म्हणजे उत्क्रांती ही मांडणी ठळकपणे दिसते ती त्यानंतर, १८७७ मध्ये थिऑसॉफी पंथाच्या ब्लाव्हाट्स्कींच्या लेखनात आणि १८८२ मध्ये ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांच्या व्याख्यानात. पुढं जे. बी. एस. हॉल्डेनसारख्या जीवशास्त्रज्ञालाही या क्रमाचं कौतुक वाटलं. पुराणं जुनी आहेत, तुलना दीडशे वर्षांच्या आतली.

वाटाण्याचा खेळ

क्रम दाखवला म्हणजे उत्क्रांती दाखवली असं नाही. ती कशी होते हे दाखवायला गणपतीजवळ एक टेबल मांडा. एक मीटर बाय एक मीटर हिरवं कापड, ६० हिरवे आणि ६० पांढरे कोरडे वाटाणे, चार प्लास्टिकचे चिमटे. चार मुलं, एका वेळी एकच दाणा उचलायचा, सगळ्यांचे मिळून ६० दाणे उचलले की थांबायचं. उरलेल्या प्रत्येक दाण्याला त्याच रंगाचा एक जोडीदार द्यायचा. पुन्हा १२० झाले. असे चार फेरे. पांढरे भराभर कमी होत जातात.

मग त्याच दाण्यांखाली पांढरं कापड घालून फेरे पुढं चालू ठेवा. वारं फिरतं आणि हिरवे उचलले जायला लागतात. हिरवा ‘श्रेष्ठ’ नव्हता, कापड हिरवं होतं. अवतार हेतू घेऊन येतो, निवडीला हेतू नसतो. दोन गोष्टींमधला खरा फरक या टेबलावर दिसतो. दोन चुका टाळा. मटकी आणि वाटाणा असे वेगळ्या आकाराचे दाणे घेतले तर निवड रंगाची न होता आकाराची होते. आणि कापडावर सगळे हिरवे खाऊन संपवले तर पुढच्या फेऱ्याला परत आणायला कुणी उरत नाही. याला नामशेष होणं म्हणतात. घडलं तर घडू द्या आणि तेच समजावून सांगा.

‘कष्टानं कमावलेलं शरीर पोरात उतरतं ना?’ हा प्रश्न तालमीच्या गावात येणारच. तालमीत हजार जोर मारून भरलेली मांडी पोराला जन्मतः मिळत नाही, त्यालाही पहाटे हौद्यात उतरावं लागतं. हाडाची ठेवण उतरू शकते, कमाई नाही. आणि ‘माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी?’ याला भाऊकीचं उत्तर द्या. आपण आणि चिंपांझी चुलत घरं; साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा आजा एक. आपली वाटणी झाली म्हणून चुलत्याचं घर बंद पडत नाही.

मॉडेल, पाऊस आणि वीज

राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, म्हणून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि कागदाचा लगदा. एक किलो वर्तमानपत्र फाडून चोवीस तास भिजवा, कुटा, पिळा. २०० ग्रॅम मैद्याची दीड लिटर पाण्यात खळ शिजवा, उतरवल्यावर ५ ग्रॅम मोरचूद घाला म्हणजे बुरशी आणि किडे लागत नाहीत. मोरचूद विषारी आहे. हातमोजे वापरा, भांडं परत स्वयंपाकाला नको, लहान मुलांना लगदा मळायला देऊ नका. वर एक किलो खडूची पावडर घालून कणकेसारखं मळा.

एका वेळी एक सेंटिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. जाड दिला की वरची साल वाळते, आतला लगदा कुजतो आणि चौथ्या दिवशी मंडपात वास सुटतो. श्रावण-भाद्रपदाच्या कोल्हापुरी हवेत एक थर वाळायला छपराखाली पंखा लावूनही आठवडा लागतो. वाळला की नाही हे बोटानं ठरत नाही: मॉडेल लागोपाठ दोन दिवस काट्यावर ठेवा, वजन तेच आलं तरच रंग द्या. म्हणून चतुर्थीच्या आधी किमान पाच आठवडे सुरुवात करा. बापट कॅम्पातल्या कुंभारांकडून काही करून घ्यायचं असेल तर त्याहूनही आधी सांगा. शेवटच्या महिन्यात त्यांना मान वर करायला सवड नसते.

१२ व्होल्टची एलईडी पट्टी सलग जोडत नेली की पाच मीटरच्या पुढं फिकी पडते. दर पाच मीटरला वेगळी तार थेट पुरवठ्यापासून आणा. पहिले चाळीस मीटर मंद ठेवा, शेवटचे सहा लख्ख. जोडणी महावितरणची तात्पुरती घ्या, आकडा टाकू नका, आणि गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर लावल्याशिवाय ओल्या भिंतीवर एकही दिवा नको. पाट्या सुती कापडाच्या केल्या तर वर प्लास्टिकची वळचण काढा, पुढं एक वीत तरी आलेली. तिरका पाऊस आला की खालची दोरी आधी भिजते आणि भगवा रंग पांढऱ्या पाट्यांवर उतरतो. ती दोरी आधीच, रंग सुटायचा थांबेपर्यंत धुऊन, वाळवून मगच बांधा.

कार्यकर्ते सहा पुरतात, दर आठ मीटरला एक. वराहाच्या कंदिलापाशी आणि भिंगाच्या पाटीपाशी वाचन असलेले, बाकी ठिकाणी गर्दी हलवणारे.